भात, तूप आणि फुकटची होडी

आयटीतली चार माणसं चहाला एकत्र बसली की दर दोन महिन्यांनी एक ठराव हमखास पास होतो. "चला यार, कुठल्यातरी बेटावर जाऊ." मग एक जण अंदमानच्या विमानाचे भाव बघतो, दुसरा लक्षद्वीपला परवाना लागतो अशी माहिती पुरवतो, आणि सोमवारी सगळे मुकाट आपापल्या डेडलाईनकडे वळतात.

या वेळी मात्र आम्ही खरंच गेलो. बजेट डोई पाचशे रुपये, मुदत एक विकांत. मी चिंचणीचा, त्यामुळे शनिवारी रात्रीचा मुक्काम आमच्या घरी, म्हणजे फुकट. रविवारी पहाटे बोईसर, तिथून लोकलने विरार, पुढे बसने अर्नाळा आणि मग होडीने अर्नाळ्याचं बेट. समुद्र, माड, वाळू, किल्ला, सगळं एका दिवसात. पाचशेतून पैसे उरले सुद्धा!

पण मंडळी, हे काही प्रवासवर्णन नाही. मला सांगायचंय ते त्या होडीबद्दल. आपल्या किनाऱ्याचा इतिहास म्हटलं की किल्ले आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. मला वाटतं, इथल्या प्रत्येक सत्तेला एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं आहे. समोर पाणी आहे, त्याचं करायचं काय? माणसांना पार न्यायचं, पार जाण्याचे पैसे घ्यायचे, की वाटच अडवायची?

एक जुनं लेखी उत्तर योगायोगाने आमच्याच गावात सापडलं. चिंचणी आणि तारापूर ही खाडीच्या दोन काठांवरची जुळी गावं. बाहेरच्या लोकांना तारापूर माहीत असतं ते १९६९ मध्ये सुरू झालेल्या अणुवीजकेंद्रामुळे. चिंचणीचं नाव मात्र इतिहासाच्या अभ्यासकांना जास्त ओळखीचं, कारण १९५० च्या दशकात इथे जुने ताम्रपट मिळाले. पुराभिलेखतज्ज्ञ दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा. तेव्हा राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र गादीवर होता. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातलं मळखेड. इतक्या लांबून किनारा सांभाळायचा तर माणूस नेमणं आलंच. संयान मंडलावर, म्हणजे आजच्या गुजरातमधल्या संजाणच्या भागावर, एक अधिकारी नेमलेला होता. आमच्या घरापासून संजाण चाळीसेक किलोमीटर.

या अधिकाऱ्याचं नाव ताम्रपटात मधुमती असं येतं. बापाचं नाव सहियारहार, जात ताजिक. संस्कृतचा मुलामा खरवडला की खाली निघतात मुहम्मद आणि शहरयार! ताजिक म्हणजे अरब. लोक त्याला सुगतिप असंही म्हणत. एका कन्नड मुलखातल्या राजाने कोकणच्या उत्तर टोकावर एक मुसलमान अंमलदार नेमला, आणि त्या अंमलदाराने एका ब्राह्मणाने बांधलेल्या मठिकेला, तिथल्या देवीच्या नैवेद्याला जमीन दिली. ही गोष्ट शिवाजी महाराजांच्या जन्माच्या सातशे वर्षं आधीची. शाळेत आपल्याला हे कुणी सांगितलं होतं का?

असो. मला सर्वांत आवडलेली ओळ पुढची आहे. या सुगतिपाने आसपासच्या बंदरांचे मुखिया जिंकून तिथे आपली माणसं बसवली, हे ताम्रपट सांगतोच. ते सगळेच राजे करतात. पण त्याच दमात असंही नोंदवलंय, की त्याने दोन प्रवाहांवर फुकट होडी चालू केली आणि संयानला एक अन्नसत्र काढलं, जिथे साळीचा भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. विचार करा, एखाद्या कारभाऱ्याची कर्तबगारी म्हणून तांब्यावर काय कोरलं गेलं, तर फुकटची होडी आणि तूपभात. बजेट ट्रॅव्हलचा आद्य पुरस्कर्ता कोण असेल तर हा गृहस्थ :-)

आणि ही एकाच माणसाची लहर नव्हती. याच ताम्रपटांतला दुसरा एक पट शके ९५६ चा, म्हणजे इ.स. १०३४ चा. मधे शंभरावर वर्षं गेली, सत्ता बदलली, पण मठिका टिकून होती. या वेळी तिला एक तेलाचा घाणा दिला गेला. कशाला? तर देवीपुढच्या दिव्याला आणि तिथे येणाऱ्या विद्वान ब्राह्मणांच्या पायांना लावायला तेल हवं म्हणून! चालून चालून भेगाळलेल्या पायांची सोय सरकारी दस्तात लिहिलेली मी दुसरीकडे वाचलेली नाही.

आता दुसरं उत्तर. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले आणि १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे गेली. त्यांनी समुद्रालाच टोलनाका केला. व्यापारी जहाजांनी त्यांचा परवाना, म्हणजे कार्ताज, घ्यायचा. नसेल तर जहाज आणि माल जप्त. अर्नाळ्याचं बेटही त्यांच्या ताब्यात होतं. त्याला त्यांनी 'गायींचं बेट' असं अगदी शेतकरी नाव दिलं होतं. जागा मात्र मोक्याची. वैतरणा नदी समुद्राला मिळते तिथे मुखाशीच हे बेट. जुन्या काळी लहान गलबतं वैतरणेतून थेट मनोरपर्यंत जात. बेटावर जो बसेल त्याच्या नजरेखालून ही सगळी वाहतूक.

म्हणूनच १७३७ मध्ये मराठ्यांनी वसईची मोहीम उघडली तेव्हा हे बेट ताब्यात घेतलं आणि नवा किल्ला बांधायला काढला. हे तिसरं उत्तर. किल्ल्याच्या मुख्य दरवाज्यावर हत्ती आणि वाघ कोरले आहेत आणि वर शिलालेख आहे. त्याचा आशय असा, की बाजीरावाने शंकराजीला आज्ञा केली, पाश्चात्यांना मारून सागराच्या पोटात त्वरेने जंजिरा बांध. काम उभं केलं बाजी तुळाजीने. दोन वर्षांत चिमाजी अप्पांनी आधी माहीम, मग आमच्या खाडीपलीकडचं तारापूर, आणि १७३९ च्या मे महिन्यात वसई घेतली. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर पडले. हा दगडावरचा लेख वाचताना छाती फुगते, माझीही फुगली. वाट अडवणाऱ्याची वाट अडवायची तर किल्ला लागणारच. पण तांब्यावरच्या होडीची आठवण काही जाईना.

कारण त्या सकाळी लोकल वैतरणेच्या पुलांवरून धडधडत गेली होती. तिथे नदीच्या दोन फाट्यांमधे वाढीव नावाचं बेट आहे. रेल्वे गावाला खेटून जाते, पण गावात जायला रस्ता नाही. वर्षानुवर्षं तिथली माणसं, शाळेची पोरं, बायाबापड्या रेल्वे पुलाच्या कडेने चालत आली आहेत, गाडी येते का बघत. काहींचे त्यात जीवही गेले. आम्ही खिडकीतून "काय भारी व्ह्यू आहे!" म्हणत फोटो काढत होतो, आणि खाली तीच जागा कोणाची तरी रोजची पायवाट होती.

अर्नाळ्यालाही तेच. किनाऱ्यावरून बेट इतकं जवळ दिसतं की पोहून जावंसं वाटावं. होडीला काही मिनिटंच लागतात. ओहोटीला गुडघाभर पाण्यात उतरून चढावं लागतं, आम्हाला त्याची केवढी गंमत! आमच्याच होडीत एक आजी डोक्यावर मासळीची रिकामी टोपली घेऊन बसल्या होत्या. माझा मित्र म्हणाला, "काय मस्त ना मावशी, रोज होडीतून जायचं!" आजी हसल्या. म्हणाल्या, "तुला मस्त रं बाबा. रातीला कोन आजारी पडला का समजंल." मित्र पुढे बराच वेळ गप्प होता.

किल्ल्यात अष्टकोनी गोड्या पाण्याचं तळं आहे, महादेवाचं देऊळ आहे, तटाच्या आत भाजीचे वाफे दिसतात. बाहेर कालिका मातेचं मंदिर आणि कोळ्यांची वस्ती. १८१७ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि तोफांचं काम संपलं. २०२५ च्या जूनमध्ये नौदलात नवी युद्धनौका दाखल झाली, तिचं नाव 'अर्नाळा'. दगडावरच्या लेखाचा वारसा असा जपला गेला, चांगलंच झालं. तांब्यावरच्या लेखालाही वारस मिळावा एवढीच माझी इच्छा. २०२४ पासून वसई-भाईंदरला रो-रो बोट सुरू झाली, गाड्यांसकट माणसं पार जातात. वाढीवला रस्ता आणि अर्नाळ्याच्या बेटाला रात्रीबेरात्री हमखास मिळणारी बोट, हे सुगतिपाला जमलं त्याहून फार अवघड नसावं. त्याच्याकडे इंजिनसुद्धा नव्हतं.

जाणार असाल तर भरती-ओहोटीची वेळ बघून निघा. परतीची होडी कधी, ते उतरतानाच विचारा. गर्दी असेल तर बाजार घेऊन घरी निघालेल्यांना आधी चढू द्या, आपल्याला कुठे घाई आहे? पैसे सुटे ठेवा, कचरा परत आणा. आणि डबा बरोबर न्या. भात-तुपाची सोय होती, पण ती संजाणला, अकराशे वर्षांपूर्वी.