घरांतील संगणक आणि खेळाचा शेजार

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें तह, लढाया आणि राज्यकर्त्यांचीं नांवें उभीं राहतात. रिकाम्या वेळीं घरांतील मंडळी काय करीत होतीं, कशावरून भांडत होतीं आणि कशानें रिझत होतीं, याची नोंद ठेवावी असें फारसें कोणास वाटत नाहीं. त्यामुळें गेल्या चाळीस वर्षांत अमरावती-अकोल्याच्या सुशिक्षित घरांत संगणक कसा शिरला, तो कोणत्या खोलींत बसला आणि त्यावर कोणते खेळ खेळले गेले, हा वृत्तांत लिहिला जाण्यापूर्वींच विस्मृतींत जाण्याच्या बेतांत आहे. ह्या चाळीस वर्षांत मुलामुलांमध्यें एक वाद मात्र अखंड चालत आलेला आहे. कोणाचें यंत्र अधिक वेगवान, कोणाच्या यंत्राची स्मृति मोठी, कोणाच्या पडद्यावरील चित्र अधिक रेखीव, दूरदर्शन-संचास जोडण्याचें खेळयंत्र बरें कीं टेबलावरचा संगणक बरा, असा तो वाद आहे. त्यांतील तांत्रिक मुद्दे खोटे नव्हेत. परंतु ह्या सर्व मांडण्या इतिहासाच्या ओळींत ठेवून पाहिल्या, तर एक निराळीच कसोटी हातीं येते. खेळणाराच्या शेजारीं दुसऱ्या माणसास जागा होती कीं नव्हती, ही ती कसोटी होय. प्रस्तुत लेखांत त्याच कसोटीनें ह्या मांडण्यांची तुलना करावयाची आहे.

तुलनेचा आरंभ यंत्रापासून करून चालणार नाहीं. त्यापूर्वीं आपल्या घरांत सोगट्यांचा पट होता. कापडाचा, चार बाह्यांचा, घडी घालून फडताळांत ठेवतां येणारा हा पट पसरला, कीं त्याच्या आकारानेंच चौघांच्या जागा नेमून दिल्या जात. कवड्या पडल्या कीं दान मोठ्यानें पुकारावें लागे, आणि ज्यास डाव नाहीं असा पांचवा-सहावा मनुष्यही दान मोजावयास व सल्ला देण्यास हजर असे. ह्या शेजाराचा अर्थ नुसत्या करमणुकीपुरता नव्हता. वऱ्हाडांतील रिद्धपुराशीं ज्या ग्रंथाचा निकट संबंध आहे, त्या तेराव्या शतकांतील लीळाचरित्रांत श्रीचक्रधरांच्या पूर्वायुष्याची एक कथा आहे. हरिपाळदेव द्यूतांत हरले. पण फेडण्याकरितां पत्नी कमळाइसेचे अलंकार मागावे लागले, आणि तिनें ते देण्याचें नाकारलें. ह्या प्रसंगाचा आध्यात्मिक अर्थ सांगण्याचा अधिकार आमचा नव्हे. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीनें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट एवढीच, कीं खेळांतील देणें घराच्या उंबरठ्याशीं येऊन उभें राहिलें, म्हणूनच घरांतील एका माणसास 'नाहीं' म्हणण्याची संधि मिळाली. ह्या गोष्टीकडे पुढें पुन्हां यावें लागेल.

आतां यंत्राकडे वळूं. अमेरिकेंत अटारी ह्या संस्थेनें १९७२ सालीं 'पाँग' नांवाचा खेळ काढला आणि १९७५ मध्यें तो दूरदर्शन-संचास जोडतां येईल अशा रूपांत घरोघरीं नेला. दोन फळ्या व मधें एक चेंडू एवढेंच त्याचें भांडवल होतें. खेळावयास दोघे लागत. १९८३ च्या जुलै महिन्यांत जपानांत निन्टेंडोचें 'फॅमिकॉम' हें खेळयंत्र विक्रीस आलें, आणि त्यासही हातांत धरावयाचीं दोन नियंत्रकें जोडलेलीं होतीं. त्याच १९८३ सालीं महाराष्ट्रांत विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांस मोकळीक मिळाली, आणि बडनेरा, अकोला व शेगांव ह्या तिन्ही ठिकाणीं अशीं महाविद्यालयें निघालीं. क्योटोंतील त्या खेळण्याचा आणि वऱ्हाडांतील ह्या विद्यालयांचा परस्पर संबंध कांहींच नव्हता. तरीही पुढें पंधरा वर्षांनीं आमच्याकडील दिवाणखान्यांत ज्या दोन वाटांनीं खेळ आला, त्या दोन्ही वाटांचा आरंभ एकाच वर्षीं झाला, ही नोंद करून ठेवण्याजोगी आहे.

पहिली वाट दूरदर्शन-संचाची. १९९० नंतरच्या दशकांत फॅमिकॉमच्या स्वस्त नकला बाजारांत आल्या. त्यांच्या कॅसेटींवर चौसष्ट खेळ, नऊ हजार नऊशें नव्याण्णव खेळ, असे आंकडे छापलेले असत, आणि घरीं आणून लावल्यावर तेच दहा-पंधरा खेळ नांवें बदलून पुनः पुन्हां येत. परंतु त्या दहा-पंधरांतही निवड होती, आणि निवडीवरून मुलांचे स्वभाव कळत. 'सुपर मारिओ' मध्यें दोघे असले तरी एक मरेपर्यंत दुसऱ्यानें बसून राहावयाचें. रणगाड्यांच्या 'बॅटल सिटी' मध्यें मात्र दोघांनीं एकाच वेळीं उतरून मधलें ठाणें राखावयाचें, आणि चुकून सोबत्यासच गोळी लागली तर तो कांहीं क्षण जागच्या जागीं खिळून राहावयाचा. मारिओ आवडणारा मुलगा आपल्या पाळीची वाट पाहावयास शिकला, तर रणगाडे आवडणारा सोबत्याच्या हातून झालेला घात सोसावयास शिकला. घरांत संच एकच, आणि तो बैठकीच्या खोलींत. त्यामुळें बातम्यांची वेळ झाली कीं दोन्ही पक्षांस शस्त्रें खालीं ठेवावीं लागत.

दुसरी वाट संगणकाची. इंग्लंडांतील 'स्पेक्ट्रम' हा लहान संगणक १९८२ चा. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स ह्या संस्थेनें त्याची सुधारलेली आवृत्ति रीतसर परवान्यानें १९८६ च्या सुमारास भारतांत विकण्यास घेतली. गाण्याच्या साध्या ध्वनिफितीवरून त्यांत खेळ भरावा लागे. अशीं यंत्रें थोड्या घरांपुरतींच राहिलीं. आमच्या शहरांत संगणक खऱ्या अर्थानें शिरला तो सुटे भाग आणून जुळविलेल्या यंत्राच्या रूपानें. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांस यंत्र जुळवितां येऊं लागलें होतें, आणि शेजारच्या काकांस 'मुलाच्या अभ्यासाकरितां' तें हवें होतें. पुढें २००१ मध्यें महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालें, आणि एम.एस.-सी.आय.टी. ह्या परीक्षेचे वर्ग गल्लोगल्लीं निघाले. मग तर संगणक घेणें हा मुलाबाळांच्या भवितव्याचा प्रश्न झाला. अभ्यासाच्या नांवानें आलेल्या त्या यंत्रांत 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आधींच कोणीतरी भरून दिलेला असे. १९८९ च्या त्या खेळांत राजकन्येस सोडविण्यास अवघीं साठ मिनिटें मिळत. कितीतरी घरांत बीजगणितासही तेवढा वेळ सलग मिळत नसे.

ह्या यंत्रापुढें खुर्ची एकच होती, म्हणून शेजार नाहींसा झाला असें कोणी म्हणेल, तर तें बरोबर नाहीं. खुर्चीमागें तिघे उभे असत. एक जण बाणांच्या कळा दाबी, दुसरा उडी मारण्याची कळ सांभाळी, आणि तिसरा 'थांब ना बे, आतां माहा डाव हाय' असें दर मिनिटास बजावीत राही. पटाभोंवतीं जो पांचवा-सहावा मनुष्य बसे, तोच येथें उभा होता.

मुंबई-पुण्याहून वऱ्हाडाची मांडणी निराळी ठरली ती दोन कारणांनीं: ऊन आणि वीज. मे महिन्यांत अकोल्याचें तापमान पंचेचाळीस अंशांवर जातें. त्या दिवसांत सुट्टी असते, म्हणजे खेळावयास वेळ तेव्हांच, आणि यंत्र तापून बंद पडावयाचें तेंही तेव्हांच. म्हणून पेटीचें एका बाजूचें झांकण काढून समोर पंखा लावण्याची रीत होती. कूलरची हवा थेट सोडावी, तर तिच्यांतील ओलावा व काळ्या मातीची धूळ यंत्रास मारक. सबब संगणक कूलरच्या खोलींत हवा, पण त्याच्या झोतांत नको, अशी जागा शोधावी लागे. आणि उन्हाळ्याच्या दुपारीं सारें कुटुंब ज्या खोलींत लोळत असे तीच ती खोली असे. खेळणाऱ्या मुलास एकान्त मिळाला नाहीं, याचें श्रेय बापाच्या शिस्तीपेक्षां कूलरलाच अधिक द्यावें लागेल.

विजेची कथा याहून कठीण. २००५ नंतरचीं कांहीं वर्षें महाराष्ट्रांत भारनियमनाचीं होतीं. वीज जाण्याचें वेळापत्रक मुलांस शाळेच्या वेळापत्रकाहून अधिक पाठ असे. ह्या परिस्थितीनें खेळांची आवडही ठरविली. २००० च्या डिसेंबरांत निघालेला 'प्रोजेक्ट आय.जी.आय.' हा एका सैनिकाच्या मोहिमांचा खेळ तेव्हां घरोघरीं होता; परंतु मोहिमेच्या मध्यें प्रगति जतन करून ठेवण्याची सोय त्यांत नव्हती. तासभर दबा धरून पुढें सरकावें, ठाणें नजरेच्या टप्प्यांत यावें, आणि वीज जावी, म्हणजे पुन्हां पहिल्या कुंपणापासून आरंभ. ज्याच्या घरीं बॅटरीचा यू.पी.एस. तोच आय.जी.आय. पुरा करूं शकला. इतरांनीं क्रिकेट किंवा मोटारींच्या शर्यतीसारखे थोडक्यांत आटपणारे डाव पत्करले. खेळाची आवड ही नुसती मनाची ओढ असते असें समजणारांनीं हा पुरावा ध्यानांत घ्यावा.

मात्र ह्या सामायिक मांडणीचे गोडवे गातांना तिच्यांतील अन्याय झांकतां कामा नये. बैठकीतल्या खुर्चीवर पहिला हक्क थोरल्या भावाचा, मग त्याच्या मित्रांचा. बहिणीचा हक्क बहुतेक वेळां खुर्चीमागें उभें राहण्याचाच. घरांत परके मुलगे जमले कीं तेंही तिला सोडावें लागे. नेट कॅफे निघाले, आणि तेथें एका तारेनें जोडलेल्या यंत्रांवर 'काउंटर-स्ट्राइक' च्या लढाया होऊं लागल्या, तेव्हां तर मुलींचा प्रश्नच उरला नाहीं. सोगट्यांच्या पटावर जिला डाव होता, तिला संगणकापुढें प्रेक्षक व्हावें लागलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

हा अन्याय पुष्कळ अंशीं दूर केला तो भ्रमणध्वनीनें. २०१६ च्या सप्टेंबरांत जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झालें. २०१८ मध्यें 'पबजी मोबाइल' आला. त्यांत शंभर जण उतरत, आणि चौघांची तुकडी करतां येई. २ सप्टेंबर २०२० रोजीं सरकारनें त्यावर बंदी घातली, आणि २०२१ च्या जुलैंत त्याचीच भारतीय आवृत्ति अवतरली. ऊन, वीज, खुर्ची, थोरला भाऊ, ह्या सर्वांपासून खेळ मुक्त झाला. दर्यापूरची मुलगी मूर्तिजापूरच्या मैत्रिणीबरोबर एका तुकडींत खेळूं लागली, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु तिच्या शेजारीं बसलेल्या आईस ती काय खेळते, जिंकते कीं हरते, हें कळेनासें झालें. सोबती कानांत आला आणि शेजारी दूर गेला.

ज्या अमरावतींत १९१४ पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभें आहे, तेथें 'मैदानावर जा' हा उपदेश प्रत्येक मुलानें ऐकलेला असतो, आणि तो योग्यच आहे. पण त्याच मंडळाचा इतिहास आणखी एक गोष्ट सांगतो. मंडळाच्या पथकानें १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं कबड्डीसारखे देशी खेळ प्रात्यक्षिकादाखल जगापुढें मांडले. आशियाई स्पर्धेंत कबड्डीस पदक मिळूं लागलें तें १९९० मध्यें. संगणकावरील खेळही २०१८ च्या आशियाई स्पर्धेंत प्रात्यक्षिक म्हणून आले आणि २०२३ मध्यें हांगझोऊ येथें पदकास पात्र झाले. म्हणून ते कबड्डीच्या तोडीचे झाले असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु अमुक हा खेळच नव्हे असा निकाल देण्याची घाई इतिहासाच्या अभ्यासकानें करूं नये.

खरी चिंतेची बाब निराळी आहे. एकान्तांत खेळतां येऊं लागतांच त्यांत पैसा शिरला. २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई केली, आणि स्पर्धात्मक व निव्वळ मनोरंजनाचे खेळ त्यांतून वेगळे काढले. कायदा हवाच होता. पण वर सांगितलेल्या कथेंत देणें कमळाइसेपुढें आलें होतें. भ्रमणध्वनीवरील देणें कोणापुढेंच येत नाहीं. पैसे खात्यांतून निघून जातात, आणि घरच्यांस कळतें तेव्हां 'नाहीं' म्हणण्याची वेळ टळून गेलेली असते. कायदा दुकान बंद करूं शकेल. शेजारीं बसण्याचें काम त्यास करतां येणार नाहीं.

आज पुन्हां घरोघरीं तुलना चालली आहे. कोणी ग्राफिक्स कार्ड घालून मोठा संगणक जुळवितो, कोणी दूरदर्शन-संचास जोडण्याचें खेळयंत्र आणतो, कोणास हातांतील भ्रमणध्वनि पुरेसा वाटतो. वेग, स्मृति आणि किंमत यांचा हिशेब मुलें आपल्याहून चांगला करतील. तो त्यांच्यावर सोंपवावा. आईबापांनीं आपल्याकडे दोनच प्रश्न राखून ठेवावे. हें यंत्र कोणत्या खोलींत बसणार, आणि त्याच्याबरोबर दुसरें नियंत्रक घ्यावयाचें कीं नाहीं? दुसरें घेतलें, तर तें बहिणीच्या हातीं पडेल इकडेही लक्ष द्यावें. आणि ती सवड देईल तेव्हां एखादा डाव स्वतः हरून पाहण्यासही हरकत नाहीं.