डीएसएलआर कॅमेरा आणि बाहेरचा व्हिडिओ रेकॉर्डर : तिसऱ्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत



पार्सिपनी आणि आसपासच्या मराठी घरांत डीएसएलआर कॅमेरे कमी नाहीत. त्यामुळे गणेशोत्सव असो, दिवाळीचा कार्यक्रम असो की मुलांची एकांकिका, "तुझ्याकडे चांगला कॅमेरा आहे ना, मग शूटिंग तूच कर" असा प्रेमळ हुकूम कुणाला तरी येतोच. फोटोंचं काम सोपं. पण नाटकाचा सव्वा तासाचा अंक एकही सेकंद न गमावता टिपायचा म्हटलं की हाच महागडा कॅमेरा मध्येच हात वर करतो. आपले कार्यक्रम हौशी असतात आणि प्रयोग बहुतेक वेळा एकच. त्या दिवशी जे सुटलं ते कायमचं सुटलं. म्हणूनच या विषयाची माहिती एका ठिकाणी लिहून ठेवतो आहे.

१. कॅमेरा मध्येच का थांबतो?

व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर म्हणजे निकॉनचा डी९०. तो २००८ च्या ऑगस्टमध्ये आला आणि पुढच्याच महिन्यात कॅननने ५डी मार्क टू जाहीर केला. डी९० एचडी चित्रण सलग फक्त ५ मिनिटं करत असे. ५डी मार्क टू सुमारे १२ मिनिटांनी थांबे. पुढच्या बहुतेक मॉडेल्सवर मर्यादा आली २९ मिनिटं ५९ सेकंदांची. याची कारणं तीन :

अ) फाइलचा आकार. कार्डावरच्या फॅट३२ पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. नंतरचे कॅमेरे आपोआप पुढची फाइल सुरू करतात, जुने सरळ थांबतात.

ब) जकात. युरोपच्या नियमांत ३० मिनिटं किंवा जास्त सलग चित्रण करणारं यंत्र "व्हिडिओ कॅमेरा" धरलं जाई आणि त्यावर जास्त जकात लागे. कंपन्यांनी एक सेकंद आधी थांबणं पसंत केलं! म्हणजे ब्रसेल्सचा कर वाचवण्यासाठी केलेली तरतूद आपल्या न्यू जर्सीतल्या नाटकाला आडवी येते.

क) उष्णता. व्हिडिओ घेताना सेन्सर सतत चालू असतो आणि तापतो. ही अडचण मात्र खरीखुरी आहे, कागदावरची नाही.

२. बाहेरचा रेकॉर्डर काय करतो?

कॅमेऱ्याच्या बाजूला टीव्हीला जोडायचं एचडीएमआय भोक असतं. त्यातून सेन्सरचं चित्र सतत बाहेर येत असतं, कॅमेरा कार्डावर काही लिहीत असो वा नसो. बाहेरचा रेकॉर्डर हे चित्र घेतो आणि स्वतःच्या एसएसडीवर किंवा कार्डावर साठवतो. २९:५९ चं घड्याळ कार्डावरच्या चित्रणाला लागू असतं, एचडीएमआयला नाही. सगळी गंमत इथेच आहे.

या क्षेत्रातली दोन ठळक नावं अॅटोमॉस आणि ब्लॅकमॅजिक डिझाइन. दोन्ही कंपन्या ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या. अॅटोमॉसचा पहिला निंजा २०११ मध्ये आला, ५ इंची पडद्याचा निंजा व्ही २०१८ मध्ये. ब्लॅकमॅजिकचा व्हिडिओ असिस्ट २०१५ चा. वापरलेले जुने रेकॉर्डर आज बऱ्याच कमी किमतीत मिळतात आणि आपल्या कामाला पुरतात. मोठा पडदा मिळतो हा आणखी एक फायदा. चाळिशीनंतर फोकस तपासायला तो फार बरा पडतो!

चित्र सुधारतं का? थोडंफार. कार्डावर लिहिताना कॅमेरा चित्र खूप दाबतो. लेझीम किंवा लावणीसारख्या वेगवान हालचालीत त्याचे चौकोन दिसू लागतात, लाल रंगाच्या कडा फिसकटतात. रेकॉर्डर कमी दाबतो, म्हणून हे कमी होतं. पण सेन्सरकडूनच जे वाईट आलं ते तो दुरुस्त करत नाही. जुने डीएसएलआर व्हिडिओ घेताना सेन्सरच्या काही ओळी गाळतात, त्यामुळे बारीक विणीच्या साडीवर रंगीत लाटा दिसतात. त्या रेकॉर्डरमध्येही तशाच येतील. तेव्हा रेकॉर्डर घ्यायचा तो सलग चित्रणासाठी, "सिनेमासारखं" दिसण्यासाठी नाही.

३. तुमच्या कॅमेऱ्याला चालेल का?

इथे एकच शब्द लक्षात ठेवा : क्लीन एचडीएमआय. म्हणजे बाहेर येणाऱ्या चित्रावर बॅटरीची खूण, फोकसची चौकट, आकडे वगैरे काही नसणं. हे नसेल तर त्या खुणा अख्ख्या नाटकावर छापल्या जातील आणि नंतर कशानेही निघणार नाहीत.

- निकॉन डी४ आणि डी८०० (२०१२) यांच्यापासून निकॉनने ही सोय द्यायला सुरुवात केली. २०१४ च्या डी८१० मध्ये कार्डावर आणि बाहेर एकाच वेळी चित्रण होतं.
- कॅनन ५डी मार्क थ्री विकत घेताना त्यात ही सोय नव्हती. २०१३ च्या एप्रिलअखेर आलेल्या फर्मवेअरने ती मिळाली. जुना कॅमेरा असेल तर फर्मवेअर आधी तपासा.
- ५डी मार्क टूवर हा नाद सोडा. चित्रण सुरू होताच त्याचं एचडीएमआयचं चित्र लहान होतं.

बाकी मॉडेल्ससाठी फुकटची चाचणी : कॅमेरा घरच्या टीव्हीला जोडा, व्हिडिओसाठी लाइव्ह व्ह्यू सुरू करा, मेनूतून किंवा इन्फो बटणाने सगळ्या खुणा घालवून बघा. टीव्हीवर नुसतं स्वच्छ चित्र, तेही पूर्ण पडदाभर दिसलं, तर तुमचं काम झालं. नाही दिसलं, तर रेकॉर्डरवर एक डॉलरही घालवू नका.

४. जागा किती लागेल?

रेकॉर्डर बहुधा अॅपलच्या प्रोरेस प्रकारात लिहितात. १०८०पी, सेकंदाला ३० चित्रं धरली तर एका तासाला साधारण :

- प्रोरेस प्रॉक्सी : २० जीबी
- प्रोरेस एलटी : ४६ जीबी
- प्रोरेस ४२२ : ६६ जीबी
- प्रोरेस एचक्यू : ९९ जीबी

अडीच तासांच्या दोन अंकी नाटकाला एलटीमध्ये ११५ जीबी लागतात, एचक्यूमध्ये जवळजवळ २५० जीबी. रंगमंचाच्या चित्रणाला एलटी उत्तम, २४० जीबीची एसएसडी आरामात पुरते. फोर-के चा मोह टाळा. प्रोरेस ४२२ मध्ये तासाला २६५ जीबी होतात आणि संकलन करताना लॅपटॉप रडतो. जुन्या रेकॉर्डरमध्ये फिरती हार्ड डिस्क बसते, पण ढोल-ताशाच्या दणक्यात ती अडखळू शकते. एसएसडीच घ्या, तीही रेकॉर्डर कंपनीच्या मान्य यादीतली.

५. कॅमेऱ्याची मांडणी

- भारतातून आणलेला कॅमेरा असेल तर मेनूत पाल की एनटीएससी ते बघा. तिथे वीज ५० हर्ट्झची, इथे ६० ची. इथे एनटीएससी, ३० चित्रं आणि १/६० शटर ठेवा. १/५० ठेवलंत तर काही दिव्यांखाली चित्र लुकलुकतं.
- एक्स्पोजर हाताने ठरवा. काळा पडदा बघून कॅमेरा उजेड वाढवतो आणि नटांचे चेहरे पांढरेफटक होतात. चेहऱ्यावर माप घ्या आणि तिथेच ठेवा.
- व्हाइट बॅलन्स पक्का करा. ऑटोवर ठेवलं तर दर प्रकाशयोजनेला रंग बदलतो.
- ऑटोफोकस बंद. रंगमंचाच्या मध्यावर फोकस करा आणि लेन्सला हात लावू नका.
- ऑटो पॉवर ऑफ बंद. लाइव्ह व्ह्यूची स्वतःची वेळही मेनूत असते, ती "अमर्याद" किंवा जास्तीत जास्त करा. काही स्वस्त मॉडेल्समध्ये ती पूर्ण बंद करताच येत नाही. तसं असेल तर मध्यंतराखेरीज कुठे विश्रांती घेता येईल ते आधीच ठरवा.
- रेकॉर्डरमध्ये "कॅमेऱ्याने सुरू-बंद करणे" ही सोय असते. ती बंद ठेवा. नाहीतर कॅमेरा २९:५९ ला कार्डावरचं चित्रण थांबवेल आणि त्याच्याबरोबर रेकॉर्डरही निमूट थांबेल! रेकॉर्डर नेहमी त्याच्याच बटणाने सुरू करा.

६. वीज आणि केबल

लाइव्ह व्ह्यूमध्ये कॅमेऱ्याची बॅटरी दीड-दोन तासांत संपते. बॅटरीच्या जागी बसणारी आणि भिंतीतून वीज घेणारी "डमी बॅटरी" मिळते, ती घ्या. रेकॉर्डरलाही शक्यतो भिंतीची वीज द्या. निंजा सोनीच्या एनपी-एफ बॅटरीवर चालतो, जुना व्हिडिओ असिस्ट कॅननच्या एलपी-ई६ वर. कॅननवाल्यांना ते सोयीचं.

एचडीएमआयची तोंडं तीन मापांची असतात : साधं, मिनी, मायक्रो. बऱ्याच डीएसएलआरला मिनी लागतं. मायक्रो फार नाजूक. केबल शक्यतो आखूड, आणि तिला ताण बसणार नाही अशी ट्रायपॉडला पट्टीने बांधलेली हवी. एक जादा केबल खिशात असू द्या. ही आठ-दहा डॉलरची वस्तू अख्ख्या नाटकाचा घात करू शकते.

७. आवाज

नाटक दिसायला थोडं कमी चालेल, ऐकू आलंच पाहिजे. सभागृहाच्या मागे ठेवलेल्या कॅमेऱ्याचा माइक प्रेक्षकांचा खोकला आधी टिपतो, संवाद नंतर. ध्वनिव्यवस्था बघणाऱ्याला आधीच विनंती करून मिक्सरमधून एक जोड घ्या आणि ती रेकॉर्डरच्या किंवा वेगळ्या ऑडिओ रेकॉर्डरच्या लाइन-इनला द्या. माइकच्या भोकात दिलीत तर आवाज फाटतो. कॅमेऱ्याचा माइकही चालू राहू द्या, टाळ्या आणि हशा त्यातून मिळतात. सुरुवातीला एक खणखणीत टाळी वाजवली की दोन्ही आवाज नंतर जुळवता येतात. वेगळा रेकॉर्डर तासाभरात किंचित पुढेमागे सरकतो, म्हणून प्रत्येक अंकाला नवीन टाळी.

८. रंगीत तालीम

आपण आयटीवाले रिलीजच्या आधी लोड टेस्ट करतो, तशी इथेही करा. दिवाणखान्यात सगळी जोडणी करा, घड्याळ कॅमेऱ्यासमोर ठेवा आणि सलग दीड तास चालू द्या. नंतर फाइल उघडून ३० व्या मिनिटाच्या आसपास नीट बघा. कॅमेरा झोपला का? चित्रावर खूण उमटली का? कॅमेरा तापल्याची सूचना आली का? पाच मिनिटांच्या चाचणीत यातलं काहीच कळत नाही. ही चाचणी न केलेला रेकॉर्डर कार्यक्रमाला नेऊ नये, एवढं माझं ठाम मत आहे.

९. कार्यक्रमाच्या दिवशी

- निदान तासभर आधी पोहोचा. शाळांच्या सभागृहात ये-जा करायच्या वाटेत ट्रायपॉड ठेवू देत नाहीत, आगीच्या नियमांमुळे. जागा आधी विचारून घ्या. वायर जमिनीला टेपने चिकटवा.
- दुसऱ्या घंटेला रेकॉर्डर सुरू करा, तिसऱ्या घंटेची वाट बघू नका. लाल खूण आणि पुढे सरकणारे आकडे डोळ्यांनी बघा, मग पडदा कुलूपबंद करा.
- मध्यंतरात चित्रण थांबवून फाइल पूर्ण होऊ द्या, उरलेली जागा बघा, कॅमेरा बंद करून थंड होऊ द्या. बटाटेवडा त्यानंतर!
- मागे एखादा फोन किंवा जुना कॅमकॉर्डर संपूर्ण रंगमंच दाखवत चालू ठेवा. मुख्य चित्रण बिघडलं तर निदान आठवण उरेल.

१०. रेकॉर्डर न घेता

आधी हे पर्याय बघा. साध्या कॅमकॉर्डरला ही वेळेची मर्यादा नसते, वीज दिली की तो कार्ड भरेपर्यंत चालतो. बऱ्याच नव्या मिररलेस कॅमेऱ्यांनाही ३० मिनिटांचं बंधन उरलेलं नाही. कॅनन आणि निकॉननी तर २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही, त्यामुळे नवा कॅमेरा घ्यायचाच असेल तर रेकॉर्डरचे पैसे त्यात घाला. लॅपटॉप असेल तर एचडीएमआय कॅप्चरचं छोटं यंत्र आणि ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर यांवरही काम भागतं. वर्षातून दोनच कार्यक्रम असतील तर रेकॉर्डर भाड्याने आणा किंवा चार कुटुंबांत मिळून घ्या. हातात घेऊन बघायचा असेल तर मॅनहॅटनमधलं बी अँड एच जवळ आहे, फक्त शनिवारी ते बंद असतं आणि शुक्रवारीही लवकर बंद होतं, म्हणून रविवारी जा.

११. परवानगी आणि जपणूक

भारतातून आलेल्या नाटकाचं चित्रण निर्मात्याच्या लेखी परवानगीशिवाय करू नका, "फक्त घरी बघायला" असलं तरी. स्थानिक एकांकिकेलाही लेखकाची परवानगी विचारावी. मुलं असतील तर इंटरनेटवर टाकण्याआधी आईवडिलांना विचारा.

घरी आल्यावर त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर प्रती करा, त्यानंतरच एसएसडी पुसा. पूर्वी पुण्या-मुंबईच्या आजी-आजोबांसाठी पालची वेगळी डीव्हीडी करावी लागे. आता लहान केलेली फाइल आणि खाजगी लिंक पुरते. मूळ प्रत मात्र मंडळाकडे, तारीख आणि कलाकारांच्या नावांसकट ठेवा. आज दुय्यम भूमिकेत उभे असलेले काका पुढच्या प्रयोगाला असतीलच असं नाही, आणि आज "उंदीरमामा" झालेला मुलगा दहा वर्षांनी कॉलेजात असेल. त्यांच्या घरच्यांना अख्खा अंक बघायचा असतो, २९ मिनिटं ५९ सेकंद नव्हे.

कुणाला जोडणी प्रत्यक्ष बघायची असेल तर पुढच्या कार्यक्रमात मागच्या रांगेत भेटा. कॅमेरा बरोबर आणलात तर टीव्हीची चाचणी तिथल्या तिथे करून बघू.