कर्नलमधला 'र' आला कुठून?

इंग्रजीत 'कर्नल' लिहिताना दोन 'ल' येतात, 'र' एकही नाही. तरी उच्चारात 'र' आहेच. शाळेत आम्हाला सांगायचे, स्पेलिंग पाठ करा, कारण विचारू नका. कारण मात्र मजेदार आहे.

मूळ लॅटिन शब्द 'कोलुम्ना', म्हणजे खांब. इटालियनमध्ये त्याचा 'कोलोन्ना' झाला आणि खांबासारख्या लांब रांगेत चालणाऱ्या तुकडीच्या प्रमुखाला 'कोलोनेल्लो' म्हणू लागले. सोळाव्या शतकात फ्रेंचांनी तो उचलला. एका शब्दात दोन 'ल' जिभेला जड, म्हणून पहिल्याचा 'र' करून 'कोरोनेल'. लॅटिन 'पेरेग्रिनुस'चा इंग्रजी 'पिल्ग्रिम' झाला तो याच खोडीने, फक्त तिथे 'र'चा 'ल' झाला. स्पॅनिशमध्येही कोरोनेलच. मग 'कोरोना', म्हणजे मुकुट, याच्याशी नातं जोडणारेही निघाले! ते नातं खोटं.

इंग्रजांनी आधी हा 'र'वालाच शब्द घेतला, लिहिलाही तसाच. पुढे युद्धशास्त्रावरच्या इटालियन ग्रंथांची भाषांतरं होऊ लागली, तेव्हा पंडितांनी कागदावर 'ल' परत आणला. बोलण्यात दोन्ही उच्चार बराच काळ चालले. शेवटी तोंडात 'र' टिकला, कागदावर 'ल'.

मराठीने त्या स्पेलिंगकडे पाहिलंच नाही. कानाला आलं ते लिहिलं, आणि माझ्या मते बरोबर केलं. पंजाबात तर करनैल हे माणसाचं नावच झालं. दिल्लीचं रेल्वेचं करनैल सिंग स्टेडियम क्रिकेटवाल्यांना ठाऊक असेल.