इंटरनेट नसताना युद्धातील अत्याचार सामान्य माणसाला कसे कळत?

कलिंगच्या युद्धात दीड लाख माणसे बंदी करून नेली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याहून कितीतरी पट माणसे नंतर मेली. हा हिशोब शत्रूने मांडलेला नाही. जिंकणाऱ्या सम्राट अशोकांनी तो स्वतः आपल्या तेराव्या शिलालेखात कोरून घेतला आणि झालेल्या हानीबद्दल दुःखही व्यक्त केले. जेत्यानेच आपल्या हातून झालेल्या संहाराची माहिती प्रजेला दिल्याचे असे उदाहरण प्राचीन जगात फार क्वचित सापडते.

गिरनार, कालसी, शाहबाजगढी, मानसेहरा, येर्रागुडी येथे हा लेख आहे. कंदाहारला त्याचा काही भाग ग्रीक भाषेतही मिळाला. मात्र ज्या कलिंगावर हे संकट कोसळले, तिथल्या धौली आणि जौगड येथे तेरावा लेख नाही. त्याऐवजी दोन वेगळे लेख आहेत. त्यांत अधिकाऱ्यांना न्यायाने वागण्याची ताकीद आहे आणि हे लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी लोकांना ऐकवावेत अशी आज्ञा आहे. म्हणजे बहुतेकांना बातमी वाचून नव्हे, ऐकून कळत असे. आणि कोणाला काय सांगायचे, हे तेव्हाही सत्ताच ठरवत होती.

कोणत्याही अत्याचाराची बातमी तपासताना आम्ही चार प्रश्न विचारतो: कोणी पाहिले? कोणी सांगितले? कोणी अडवले? किती काळाने लोकांपर्यंत पोहोचले? विसाव्या शतकातील चार घटना या प्रश्नांच्या आधारे पाहू.

नानजिंग, १९३७

डिसेंबर १९३७ मध्ये जपानी सैन्याने चीनची तेव्हाची राजधानी नानजिंग घेतली. त्यानंतर काही आठवडे कैद्यांची आणि नागरिकांची कत्तल व स्त्रियांवर बलात्कार सुरू होते. शहरात थांबलेल्या मोजक्या परदेशी माणसांनी ते पाहिले. अमेरिकी पत्रकार टिलमन डर्डिन यांचा वृत्तान्त न्यूयॉर्क टाइम्समध्ये १८ डिसेंबरला छापून आला. जॉन मॅगी या मिशनऱ्याने रुग्णालयातील जखमींचे लहान कॅमेऱ्याने चित्रीकरण केले आणि ती फिल्म लपवून शहराबाहेर नेण्यात आली.

जपानमध्ये मात्र शहर जिंकल्याच्या आनंदात कंदिलांच्या मिरवणुका निघाल्या. वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता. बहुसंख्य जपानी नागरिकांना कत्तलीबद्दल कळले ते युद्ध हरल्यावर, रेडिओवरून आणि १९४६ ते १९४८ या काळात चाललेल्या टोकियो खटल्यातील साक्षींमधून. जपान हा बौद्ध परंपरेचा देश आहे म्हणून हे आपण झाकून ठेवू नये. पंचशीलातील पहिले शील सर्वांना सारखेच लागू आहे.

हिरोशिमा, १९४५

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. वर्ष संपेपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे मेली. जगाला बॉम्बच्या ताकदीची बातमी लगेच मिळाली, पण माणसांचे काय झाले ते कळले नाही. ऑस्ट्रेलियन पत्रकार विल्फ्रेड बर्चेट रेल्वेने एकटेच हिरोशिमाला गेले. वरून धडधाकट दिसणारी माणसेही दिवसेंदिवस मरत आहेत, हा त्यांचा वृत्तान्त ५ सप्टेंबरला लंडनच्या डेली एक्सप्रेसमध्ये आला. किरणोत्सर्गाने माणसे मरत असल्याचे अमेरिकी अधिकाऱ्यांनी तेव्हा नाकारले. त्याच महिन्यात ताबा घेतलेल्या सैन्याने जपानी वृत्तपत्रांवर निर्बंध घातले.

३१ ऑगस्ट १९४६ रोजी न्यूयॉर्कर साप्ताहिकाने जॉन हर्सी यांच्या एकाच दीर्घ लेखासाठी अख्खा अंक दिला. त्यात वाचलेल्या सहा माणसांची हकिकत होती. पुढे तो लेख रेडिओवर वाचला गेला. खुद्द जपानच्या इतर भागांतील लोकांना जखमींची छायाचित्रे मोठ्या प्रमाणात पाहायला मिळाली ती परकीय ताबा संपल्यावर, ६ ऑगस्ट १९५२ च्या असाही ग्राफमध्ये. तोपर्यंत सात वर्षे गेली होती.

माय लाय, १९६८

१६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधील सोन माय गावाच्या माय लाय वस्तीत अमेरिकी सैनिकांनी नि:शस्त्र गावकऱ्यांना मारले. त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे होती. अमेरिकी चौकशीत ३४७ बळी मोजले गेले. गावातील स्मारकावर ५०४ नावे आहेत. सैन्याने मात्र १२८ शत्रू मारल्याची बातमी दिली आणि वृत्तपत्रांनी ती तशीच छापली.

त्या दिवशी ह्यू थॉम्पसन या हेलिकॉप्टर चालकाने सैनिक आणि गावकरी यांच्यामध्ये आपले हेलिकॉप्टर उतरवून काही जीव वाचवले आणि वरिष्ठांकडे तक्रारही केली. ती दाबली गेली. रॉन रिडनावर हा सैनिक स्वतः तिथे नव्हता. त्याने वेगवेगळ्या सोबत्यांकडून ऐकले, एकाचे बोलणे दुसऱ्याशी ताडून पाहिले आणि घरी परतल्यावर मार्च १९६९ मध्ये अमेरिकी संसद सदस्यांना व अधिकाऱ्यांना पत्रे पाठवली. त्यातून चौकशी सुरू झाली. नोव्हेंबरमध्ये पत्रकार सेमूर हर्श यांनी बातमी फोडली. पाठोपाठ सैन्याचे छायाचित्रकार रॉन हेबर्ले यांनी स्वतःच्या कॅमेऱ्यावर घेतलेले फोटो क्लीव्हलँडच्या प्लेन डीलरमध्ये छापून आले आणि एका सैनिकाने टीव्हीवर आपण गोळ्या घातल्याचे कबूल केले. लोकांपर्यंत सत्य पोहोचायला वीस महिने लागले.

शिक्षा मात्र एकालाच झाली. लेफ्टनंट विल्यम कॅली याला १९७१ मध्ये जन्मठेप सुनावली गेली, पण प्रत्यक्षात त्याने सुमारे साडेतीन वर्षे, तीही बहुतांशी नजरकैदेत काढली. सत्य कळणे म्हणजे न्याय मिळणे नव्हे, हेही या घटनेतून शिकायला हवे.

पूर्व पाकिस्तान, १९७१

२५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कराने हत्याकांड सुरू केले. परदेशी पत्रकारांना हॉटेलात कोंडून नंतर देशाबाहेर काढले. सायमन ड्रिंग लपून राहिले. शहर पाहून ते बाहेर पडले आणि ३० मार्चला त्यांचा वृत्तान्त डेली टेलिग्राफमध्ये आला.

यानंतरचे नाव मराठी मुलुखाच्या जवळचे आहे. अँथनी मस्करेन्हस हे बेळगावात जन्मलेले, गोव्याच्या कुटुंबातील, कराचीत नोकरी करणारे पत्रकार. एप्रिलमध्ये लष्कराने आपली बाजू मांडण्यासाठी काही पाकिस्तानी पत्रकारांना पूर्वेकडे नेले, त्यांत ते होते. तिथे अधिकारी हत्यांबद्दल उघडपणे बोलत होते. इतरांनी लष्कराला हवे तसे लिहिले. मस्करेन्हस यांनी लंडन गाठले, कुटुंबाला पाकिस्तानबाहेर काढले आणि मगच १३ जूनच्या संडे टाइम्समध्ये सगळे लिहिले. लेखाचे शीर्षक एकाच शब्दाचे होते: वंशसंहार.

भारतातील सामान्य माणसाला मात्र लंडनच्या वृत्तपत्राची वाट पाहावी लागली नाही. सुमारे एक कोटी निर्वासित सीमा ओलांडून आले. बंगाल, त्रिपुरा, आसाम, मेघालयातील लोकांनी त्यांच्याच तोंडून ऐकले. बाकीच्यांना आकाशवाणी, बीबीसी आणि वृत्तपत्रांतून कळले. घरात रेडिओ नसेल तर शेजाऱ्याकडे किंवा चहाच्या टपरीवर ऐकायचे, असा तो काळ होता.

यातून काय दिसते?

पहिली गोष्ट, तंत्रापेक्षा माणूस महत्त्वाचा ठरला. कॅमेरा, तार, रेडिओ सत्तेकडेही होते. बातमी बाहेर आली ती कोणीतरी नोकरी, घर किंवा जीव पणाला लावला म्हणून.

दुसरी गोष्ट, ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांचे शब्द सर्वांत शेवटी पोहोचले. माय लायच्या गावकऱ्यांना काय घडले ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, पण अमेरिकी सैनिक बोलेपर्यंत जगाने ते खरे मानले नाही. आपल्या समाजाला हे नवे नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले ते याचसाठी. ज्यांचे स्वतःचे पत्र नाही, त्यांचे दुःख दुसऱ्याच्या सोयीने छापले जाते किंवा छापलेच जात नाही.

तिसरी गोष्ट पडताळणीची. कालाम सुत्तात तथागतांनी केवळ ऐकीव गोष्ट, परंपरा किंवा सांगणाऱ्याचा मोठेपणा यांवर विसंबू नका असे सांगितले. रिडनावरने ऐकीव गोष्टीवर थेट विश्वास ठेवला नाही आणि ती ऐकीव आहे म्हणून सोडूनही दिली नाही. त्याने ती तपासली आणि मग गप्प बसला नाही.

आज अत्याचाराचा व्हिडिओ काही मिनिटांत हातातल्या मोबाइलवर येतो. तो जुना असू शकतो, दुसऱ्या देशातला असू शकतो, बनावटही असू शकतो. म्हणून पुढे पाठवण्याआधी तेच चार प्रश्न विचारा. आणि तो खरा निघाला, तर नुसता पाहून बोट पुढे सरकवू नका. पूर्वी लोकांना उशिरा कळत होते. आपल्याला लवकर कळते, त्यामुळे ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणण्याची सोय आपल्याकडे उरलेली नाही.