ब्रेकची धूळ

गेल्या महिन्यात पाचगणीहून वाईला उतरत होतो. पसरणी घाटात ब्रेकवर पाय ठेवला की पेडल थरथरायचं, स्टिअरिंगही हाताला गुदगुल्या करायचं. आमची मारुती 800 आहे 1998 सालची. सौ. म्हणाली, "आता तरी विका हो ही!" मी नेहमीप्रमाणे ऐकलं नाही आणि दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गॅरेजात गेलो.

गॅरेजवाला माझा जुना विद्यार्थी. पुढचं चाक काढून त्याने डिस्कच्या कडेवर बोट फिरवलं, व्हर्नियरने दोन-चार ठिकाणी माप घेतलं. "वाकली नाही सर. जाडी सगळीकडे सारखी राहिली नाही, म्हणून पेडल मारतंय." मी विचारलं, लेथवर कट मारून चालेल का? तो हसला. "कमीत कमी किती जाडी हवी ते डिस्कवरच कोरलेलं असतं. ही त्याच्याही खाली गेलीय. आता कट मारला तर पापड होईल." म्हणजे डिस्क नवीन, पॅड नवीन, आणि तेही दोन्ही बाजूंचे. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी एकीकडे ओढते.

मी स्टुलावर बसून बघत होतो. त्याने हबवरचा गंज घासून काढला, नव्या डिस्कवरचं तेल पुसलं, कॅलिपरच्या पिनांना ग्रीस लावलं. कोपऱ्यात साचलेली काळी धूळ मात्र ओल्या फडक्याने टिपली. हवेचा पाइप शेजारीच लोंबत होता. म्हटलं, हवा मारली असतीस तर पटकन झालं असतं! तो मान वर न करता म्हणाला, "बाबा तेच करायचे सर."

त्याचे वडील मला चांगले आठवतात. 1980 च्या आसपास मेहुण्यांची फियाट घेऊन आम्ही त्यांच्याकडेच जायचो. त्या गाडीला चारही चाकांना ड्रम. मेस्त्री ड्रम उघडायचे, तोंड जवळ नेऊन जोरात फुंकर मारायचे आणि राखाडी धुळीचा लोट उठायचा. भुवया, मिशा सगळं राखाडी. आम्ही हसायचो, तेही हसायचे आणि मग बराच वेळ खोकायचे.

घरी आल्यावर ब्रेकचा इतिहास वाचायला घेतला. मास्तराची खोड, दुसरं काय!

डिस्क ब्रेक ही अलीकडची गोष्ट असेल असं मला वाटत होतं. पण बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने त्याचं पेटंट 1902 सालीच घेतलं होतं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनॉने ड्रम ब्रेक आणला. लँचेस्टरची अडचण वेगळीच होती. त्याची पकड तांब्याची. धातूवर धातू घासला की कानठळ्या बसवणारी किंचाळी, आणि धुळीच्या रस्त्यांवर तांबं झपाट्याने झिजायचं.

किंचाळी थांबवली ती हर्बर्ट फ्रूडच्या कल्पनेने. हा इंग्लंडमधल्या डर्बीशायरचा. असं सांगतात की, उतारावर गाडीवान चाकाला जुना बूट दाबून गाडी आवरताना त्याने पाहिले आणि त्याला ब्रेकच्या अस्तराची कल्पना सुचली. 1897 मध्ये त्याने कारखाना काढला. आपल्या आडनावाची अक्षरं फिरवून त्यात एक घातलं आणि नाव ठेवलं 'फेरोडो'. 1907-08 च्या सुमारास त्याने अस्तरात ॲस्बेस्टॉस आणलं. उष्णतेला दाद न देणारं, स्वस्त, आणि मुख्य म्हणजे आवाज न करणारं!

ड्रमला पुढे पन्नास वर्षं सुगी होती. पण लांब उतारावर ड्रम तापला की फुगून लायनरपासून दूर जातो आणि पेडल खाली खाली जातं. डिस्क उघडी असते, वारा लागतो, लवकर निवते. विमानांसाठी डिस्क ब्रेक करणाऱ्या डनलपने ते जॅग्वारला बसवले आणि 1953 ची ल मान्सची चोवीस तासांची शर्यत त्या गाडीने जिंकली. दोन वर्षांनी सित्रोएन डीएस ही पुढे डिस्क असलेली गाडी सामान्य गिऱ्हाइकासाठी बाजारात आली. आमच्या मारुतीच्या पुढच्या चाकांत जे बसलंय ते त्याच घराण्यातलं.

हा झाला यंत्रांचा इतिहास. वाचता वाचता एका नावापाशी मात्र मी थांबलो. नेली केर्शॉ. रॉचडेल गावात टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात ती ॲस्बेस्टॉसचं सूत काढायची. 1924 मध्ये, वयाच्या 33 व्या वर्षी गेली. डॉक्टर विल्यम कुक यांना तिच्या फुप्फुसांत ॲस्बेस्टॉसचे कण सापडले आणि त्यांनी ते वैद्यकीय नियतकालिकात छापलं. कंपनीने जबाबदारी नाकारली. त्याच दशकात फेरोडो त्याच उद्योगसमूहात सामील झाली. 1931 मध्ये ब्रिटनने कारखान्यांतल्या धुळीवर नियम केले. पण तिथे ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली ती 1999 मध्ये. 1924 ते 1999. मी फळ्यावर कित्येक सनावळ्या लिहिल्या, ही कधी लिहिली नाही.

मेस्त्री कशाने गेले ते कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही. त्या काळी कुणी विचारलंही नाही. मुलगा एवढंच म्हणतो, "शेवटी दोन जिने चढवत नव्हते सर." तो मात्र डब्यावर 'ॲस्बेस्टॉसमुक्त' छापलेलं पाहिल्याशिवाय पॅड घेत नाही, आणि गॅरेजातल्या पोराला ब्रेकवर फुंकर मारू देत नाही.

असो. पहिले काही दिवस ब्रेक हळूच मारा, पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसू द्या, असं त्याने बजावलं होतं. तसं केलं. परवा पुन्हा पसरणी उतरलो. पेडल स्थिर, आवाज नाही. सौ.ला शेजारी डुलकी लागली होती. मला मात्र त्या शांततेत मेस्त्रींचा खोकला आठवत राहिला.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर चाक उघडताना जवळ उभे राहा, पण धूळ फुंकू देऊ नका. ओलं फडकं आपणच द्या.