महिकावतीची बखर

उत्तर कोकणच्या मध्ययुगाविषयीचा मराठी गद्यपद्य ग्रंथ. वि. का. राजवाडे यांनी तो 1924 मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. महिकावती म्हणजे पालघर जिल्ह्यातील केळवे-माहीम. ग्रंथ एकटाकी नाही. सहा प्रकरणांपैकी सर्वांत जुना भाग केशवाचार्याने शके 1370 मध्ये (इ.स. 1448) रचला; पुढची भर मुख्यतः भगवान दत्त याची.

लेखनाचे निमित्तच अद्भुत आहे. मालाडचा देसला (वतनदार) नायकोराव याच्या स्वप्नात कुलदेवी येते आणि लोपत चाललेला महाराष्ट्रधर्म सावरण्यास सांगते. केशवाचार्यालाही तसाच आदेश होतो. मग कुळे जमवून वंशावळी सांगितल्या जातात. मालाड हे वेसावे (वर्सोवा) येथे समुद्राला मिळणाऱ्या खाडीच्या वरच्या अंगाचे गाव. त्या वेळी हा मुलूख गुजरातच्या सुलतानाकडे होता. वतन, मान आणि पंक्ती यांचा आधार डळमळला की देवीला स्वप्नात यावेच लागते. दृष्टांत काल्पनिक मानला तरी त्यामागची निकड खरी आहे. बखरीतला सर्वांत विश्वसनीय इतिहास तोच म्हणावा लागेल.

मूळ कथा अशी : शके 1060 मध्ये (इ.स. 1138) प्रतापबिंब नावाचा राजा पैठणमार्गे येऊन कोकण जिंकतो आणि 66 कुळांची वसाहत करतो. शिलालेख मात्र त्या सुमारास येथे शिलाहार अपरादित्य राज्य करीत असल्याचे दाखवतात. दुसऱ्या परंपरेत बिंब हा देवगिरीच्या रामदेवराव यादवाचा पुत्र ठरतो, म्हणजे दीडशे वर्षे अलीकडचा. दोन्ही बिंब एकत्र नांदवण्याची अभ्यासकांची खटपट फारशी फळाला आलेली नाही. राजवाड्यांनी बखरीवर बराच भरवसा ठेवला. राज्ये बदलली तरी गावकरी उदासीन का राहतात, याची त्यांनी प्रस्तावनेत केलेली चिकित्सा मात्र बखरीपेक्षाही वाचनीय आहे.

अद्भुत आणि इतिहास यांचे असे मिश्रण ही एकट्या कोकणाची मिरास नाही. आयर्लंडमध्ये 11व्या शतकात सिद्ध झालेल्या ‘लेबोर गबाला’त एकामागून एक लोक समुद्रावरून येऊन बेट व्यापतात, त्यांत तुआहा दे दानन हे दैवी सामर्थ्याचे लोकही आहेत. 1014 च्या क्लॉनटार्फच्या लढाईत राजा ब्रायन बोरू मारला गेला. पुढच्या शतकात त्याच्या वंशजांचा मोठेपणा सांगण्यासाठी रचलेल्या आख्यानात एव्हल ही परी त्याला आदल्या रात्री मरणाची सूचना देते. तेथेही अद्भुताच्या आड वंशाचा हक्क उभा आहे. मॉर्गन लुएलिनच्या ‘लायन ऑफ आयर्लंड’ (1980) या कादंबरीचा नायक हाच ब्रायन. मराठी ऐतिहासिक कादंबरी मात्र रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून (1871) शिवकाळ आणि पेशवाईतच अधिक रमली, बिंबाचे हे आयते कथाद्रव्य तिने जवळजवळ पडून राहू दिले.

बखरीचा कल बाहेरून आलेल्या कुळांकडे आहे. किनाऱ्यावरच्या कोळ्यांची स्मृती त्यांच्या गाण्यांत आणि वेसाव्याच्या हिंगळादेवीसारख्या दैवतांभोवती शोधावी लागते. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर कोरलेले आरमारी युद्ध बहुधा शिलाहार-यादवांचे, म्हणजे 13व्या शतकातले. वल्ही मारणारे हात तेथे ओळीने दिसतात, नावे मात्र एकाचीही नाहीत.