जुळी गर्भधारणा
एकाच गर्भारपणात गर्भाशयात दोन गर्भ वाढण्याची अवस्था. माणसात तिचे दोन प्रकार आढळतात. दोन अंडी दोन वेगळ्या शुक्रपेशींनी फलित झाल्यास द्वियुग्मजी जुळी होतात. त्यांच्यातील साम्य सख्ख्या भावंडांइतकेच असते. एकच फलित अंड दुभंगल्यास एकयुग्मजी म्हणजे एकसारखी जुळी होतात. हे विभाजन पहिल्या तीन दिवसांत झाले तर प्रत्येक गर्भाला स्वतंत्र वार मिळते. चौथ्या ते आठव्या दिवशी झाल्यास वार सामाईक, पण गर्भजलाच्या पिशव्या वेगळ्या असतात. त्यानंतर पिशवीही एकच राहते, आणि सुमारे तेराव्या दिवसानंतरच्या अपुऱ्या विभाजनातून जोडलेली (सयामी) जुळी जन्मतात.

मातेला रक्तक्षय, उच्च रक्तदाब व प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचा, तर बाळांना अकाली जन्म व कमी वजनाचा धोका असतो. सामाईक वारेतील रक्तवाहिन्यांमुळे एका गर्भाचे रक्त दुसऱ्याकडे वाहून दोन्ही गर्भ संकटात येऊ शकतात. म्हणून सोनोग्राफीने वारांची संख्या पहिल्या तिमाहीतच ठरवतात.

शेळ्या-मेंढ्यांत जुळी नेहमीची असतात. मात्र गाभणकाळाच्या अखेरीस आहार अपुरा पडल्यास मादीला गर्भविषबाधा होते. गायीत गोऱ्ह्यासोबत जन्मलेली कालवड, दोघांचे रक्ताभिसरण जोडले गेल्याने, बहुधा वांझ निघते. तिला ‘फ्रीमार्टिन’ म्हणतात. घोडीच्या गर्भाशयात दोन वारांना पुरेशी जागा नसते, त्यामुळे जुळा गर्भ बहुतेक वेळा गाभडतो. नऊ पट्ट्यांच्या आर्माडिलोत मात्र एका अंडापासून चार एकसारखी पिले होणे हाच नियम आहे.